पुस्तकाचे वारस

मराठी पुस्तक विकत घेताना लोक मलपृष्ठ वाचतात, किंमत बघतात, फार तर अर्पणपत्रिकेवर नजर टाकतात. शीर्षकपानाच्या पाठीमागच्या पानाकडे सहसा कोणी फिरकत नाही. तिथे आवृत्तीची तारीख, मुद्रकाचा पत्ता, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ यांच्या गर्दीत हक्कांची एक ओळ असते. ‘हक्क लेखकाधीन’, ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’, ‘हक्क : सौ. अमुक तमुक’, नाटक असेल तर ‘प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक’. हल्ली मी पुस्तक उघडलं की आधी हीच ओळ वाचते. लेखक गेल्यावर ते पुस्तक वाचकाला मिळणार की नाही, हे ठरवण्यात त्या ओळीमागच्या कागदाचा वाटा मोठा असतो, आणि तो कागद बहुतेक घरांत सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या कादंबरीच्या पुनर्मुद्रणासाठी मला प्रस्तावना लिहायला सांगितलं होतं. साठच्या दशकातली कादंबरी, विदर्भातल्या कापूसबाजाराच्या गावात घडणारी. वाचनालयात तिची एकच प्रत उरलेली, कापडी बांधणीची, पानांचे कोपरे हात लावला की तुटणारे. प्रकाशक तरुण होता, पदरचे पैसे घालून छापायला तयार होता. घोडं अडलं ते त्या ओळीवर: ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’. ती प्रकाशनसंस्था कधीच बंद पडली होती. लेखक हयात नव्हते. मुलगी नागपूरला, मुलगा पुण्यात, नातवंडं न्यू जर्सीत. मुलीने जपून ठेवलेल्या फायलीतून प्रकाशकाच्या लेटरहेडवरचा अर्धं पान मजकूर निघाला. कादंबरीचे ‘सर्व हक्क कायमचे’ दिल्याबद्दल एकरकमी मानधन पावलं, असं त्यात होतं, आणि खाली रेव्हेन्यू स्टँपवर लेखकाची सही. एवढंच. सर्व म्हणजे कोणकोणते? अनुवादाचे, चित्रपटाचे धरून? संस्था बंद पडल्यावर ते कोणाकडे गेले? मालकाची मुलं कुठे आहेत? मुलगी म्हणाली, “अहो, छापा तुम्ही, आमचं काहीच म्हणणं नाही. बाबांचं पुस्तक निदान दुकानात दिसेल.” पण हो म्हणण्याचा अधिकार तिला होता की नव्हता, हेच त्या कागदामुळे कोणाला सांगता येईना. पुस्तक निघालं नाही. लिहून झालेली प्रस्तावना माझ्याकडे पडून आहे.

मराठीत पुस्तकांच्या चोरीबद्दल पुष्कळ बोललं जातं. व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पीडीएफ फिरतात, पदपथावर चोरून छापलेल्या प्रती मिळतात, कवितेखालचं कवीचं नाव गळतं आणि ‘संकलन’ म्हणून भलत्याचंच नाव येतं. हे गुन्हे आहेत. कायद्यात त्यासाठी ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे, आणि प्रकाशकांनी तक्रारी करायलाच हव्यात. पण चोरलेलं पुस्तक निदान वाचलं तरी जातं. ज्याच्या हक्कांचा पत्ता लागत नाही, ते प्रामाणिक माणसाला छापताच येत नाही. माझ्या मते मराठीचं जास्त नुकसान या दुसऱ्या वाटेने झालं आहे, आणि ते थांबवणं लेखकाच्या स्वतःच्या हातात आहे. म्हणून हा लेख.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झालेला. त्याने लेखकाला दिलेली पहिली गोष्ट अशी की हक्क मिळवण्यासाठी काहीच करावं लागत नाही. कथा लिहून झाली की हक्क निर्माण झाला. नोंदणी सक्तीची नाही. साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क भरून ती करता येते आणि पुढे कोर्टात गेलात तर रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण नोंदणी केली नाही म्हणून हक्क बुडत नाही. आयएसबीएनचा हक्काशी काही संबंध नाही. तो पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून फुकट मिळतो. तो घेतला म्हणजे पुस्तक सुरक्षित झालं असं मानणारे नवे लेखक मला दर साहित्य संमेलनात भेटतात. कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडण्याच्या रीतीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाटकावरून उठलेल्या खटल्यात नीट समजावून सांगितलं. नुसत्या शीर्षकावरही नसतो. तो निकाल २०१५ चा.

खरी मेख हक्क देण्यात आहे. पुस्तकाचा हक्क हा एकच एक हक्क नाही. छापणं वेगळं, अनुवाद वेगळा, नाट्यरूपांतर, प्रयोग, चित्रपट, ई-बुक, ध्वनिपुस्तक हे सगळे सुटे हक्क आहेत आणि प्रत्येक वेगळ्या माणसाला, वेगळ्या मुदतीने देता येतो. देण्याचे प्रकारही दोन. एक अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी देणं. दुसरा परवाना, म्हणजे वापरू देणं. शेत खरेदीखत करून देणं आणि खंडाने देणं यात जो फरक, तोच. आपल्याकडे शेताचा कागद करताना माणूस चार जणांना विचारतो, आणि पुस्तकाच्या वेळी मात्र प्रकाशक छापतोय याच आनंदात खरेदीखतावर सही करून मोकळा होतो.

या आनंदी लेखकाची काळजी कायद्याने बरीच घेतली आहे. कलम १९ मी प्रत्येक नव्या लेखकाला वाचायला लावते. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. तोंडी शब्दाला किंमत नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मानधन, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षाच्या आत तो वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो हक्क सुटतो. परवान्यालाही हेच नियम लागू आहेत. म्हणजे ‘सर्व हक्क प्रकाशकाला’ एवढंच लिहून सही करणारा आजचा लेखक पुरता नागवला जात नाही, ५ वर्षांनी पुस्तक त्याच्याकडे परत येण्याची सोय आहे.

मात्र ५ वर्षांचं हे संरक्षण १९९४ च्या दुरुस्तीने आलं, ती १९९५ मध्ये अमलात आली, आणि त्याआधी झालेल्या करारांना ते लागू नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. त्या कापूसबाजाराच्या कादंबरीचं घोडं अडलं ते इथे. १९९५ च्या आधीच्या ‘कायमचे’ या शब्दाला मुदत लावायला कोणी नाही. ज्यांच्या घरात आजोबांचे, आत्यांचे असे कागद असतील त्यांनी ते आत्ताच बाहेर काढावेत. प्रकाशनसंस्था चालू असेल, तिच्या मालकांना पुस्तक पुन्हा काढण्यात रस नसेल, तर हक्क परत दिल्याचं एका पानाचं पत्र लिहून घ्यावं. भले प्रकाशक देतात. मी स्वतः पाहिलं आहे. उद्या संस्था बंद पडली की हे पत्र देणारा माणूसच उरत नाही. कायद्यात कलम ३१-अ आहे, मालक सापडत नसेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आणि अर्ज करून परवाना मागता येतो. पण पाचशे प्रती छापू पाहणाऱ्या छोट्या प्रकाशकाला ती पायपीट आणि खर्च परवडत नाही.

माझ्या ताज्या कथासंग्रहाचा मसुदा आला तेव्हा त्यात एक वाक्य होतं: ‘मुद्रित, इलेक्ट्रॉनिक, ध्वनी, दृक्‌श्राव्य तसेच भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांतील हक्क.’ मी ते खोडून ‘मराठी मुद्रित आवृत्ती, ५ वर्षे’ असं लिहिलं. प्रकाशक म्हणाले, “ताई, हा आमचा छापील नमुना आहे. आजवर कोणी बदलायला सांगितला नाही.” सांगितल्यावर त्यांनी बदलला, कुरकुर न करता. बऱ्याच वेळा प्रकाशकाच्या मनात कपट नसतं, कोणीतरी कधीतरी केलेला नमुना पुढे चालत आलेला असतो. २०१२ च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट केली. कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारात वापरलं जात नव्हतं, त्याचं स्पष्ट नाव करारात घेतलेलं नसेल तर तो हक्क दिला असं धरता येत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीस आली, ध्वनिपुस्तकांचं स्टोरीटेल भारतात २०१७ मध्ये आलं. आज दुबईतली किंवा शिकागोतली मराठी बाई रोज गाडी चालवताना कथा ऐकते. हा वाचक, म्हणजे श्रोता, पंधरा वर्षांपूर्वी कोणाच्या करारात नव्हता. उद्या आणखी काय येईल ते आज माहीत नाही, म्हणूनच ते आज देऊन टाकू नये.

आणखी एक कलम मी हट्टाने घालून घेते, ते म्हणजे आवृत्ती संपल्यावर किती दिवसांत पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क परत. यात हल्ली एक नवी अडचण आली आहे. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय झाल्यापासून पुस्तक कागदोपत्री कधीच संपत नाही. वेबसाइटवर ‘उपलब्ध’ दिसतं, वर्षभरात चार प्रती जातात आणि हक्क अडकून राहतात. म्हणून ‘आवृत्ती संपली’ याची व्याख्या विक्रीवर करावी: सलग दोन वर्षं अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला तर लेखकाला पुस्तक मागे घेता येईल, असं.

मानधनाबद्दल थोडंच, कारण त्यावर लेखक आपसात भरपूर बोलतात. ‘१० टक्के’ या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. कशाचे १० टक्के ते बघावं. ३०० रुपये छापील किमतीवर प्रतीमागे ३० रुपये होतात. विक्रेत्याला ४० टक्के सूट देऊन उरलेल्या १८० वर धरले तर १८. हजार प्रतींमागे १२ हजारांचा फरक, आणि तो करारातल्या दोन शब्दांचा.

आता ‘हक्क : सौ. अमुक तमुक’ या ओळीकडे येते, कारण ती खास आपली आहे. मराठी पुस्तकांवर लेखकाच्या पत्नीचं नाव हक्कधारक म्हणून छापण्याची रीत जुनी आहे. त्यामागे जिव्हाळा असतो, आपल्यामागे तिला चार पैसे मिळावेत ही काळजी असते, कधी लिहिण्याच्या वर्षांत तिने सांभाळलेल्या संसाराची पोचपावतीही असते. मला ती ओळ आवडते. पण कायद्याने पहिला मालक लेखक असतो आणि मालकी दुसऱ्याला द्यायची तर सही केलेला कागद लागतो. नुसतं नाव छापल्याने हक्क गेला असं होत नाही. असा कागद किती नवऱ्यांनी केला असेल? तो नसेल तर नवऱ्यामागे हक्क वारसाहक्काने सगळ्या वारसांकडे जातो, आणि ज्या बाईचं नाव प्रत्येक आवृत्तीवर छापलं गेलं तिला पुनर्मुद्रणाच्या पत्रावर सगळ्यांच्या सह्या गोळा करत बसावं लागतं. प्रेमाने छापलेली ओळ खरी करायची तर एक पानाचा करार पुरतो. आणि मुदत मोजतात ती लेखकाच्या मृत्यूपासून, हक्कधारकाच्या नव्हे, हेही अनेक घरांत माहीत नसतं.

दिवाळी अंकांचा मुद्दा छोटा आहे पण गैरसमज मोठा. अंकात कथा छापून आली म्हणजे ती अंकाची झाली, असं अजून कित्येकांना वाटतं. पगारी नोकरीत असताना वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचे नियम निराळे आहेत. घरी बसून कथा पाठवणारा लेखक तिचा मालकच राहतो, संपादकांनी अंकाच्या पहिल्या पानावर काहीही छापलेलं असो, जोवर त्याने स्वतः सही करून हक्क दिलेला नाही. संग्रह करताना अंकाचा ऋणनिर्देश करावा तो सौजन्य म्हणून.

एकांकिका आणि नाटकांच्या बाबतीत मात्र आपल्या हौशी रंगभूमीने मला आनंद दिला आहे. एके संध्याकाळी श्रीगोंद्याहून एका मुलाचा फोन आला. “मॅडम, तुमची एकांकिका बसवतोय. प्रवेशिकेसोबत लेखकाचं परवानगी पत्र जोडायचंय.” पुस्तकातली मागच्या पानावरची ओळ त्याने वाचली होती. मी मानधनाचा आकडा सांगितला, तो थोडा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, “स्पर्धेत नंबर आला तर देऊ का?” आम्ही एका छोट्या रकमेवर ठरवलं. पत्र लिहिताना त्यात तालुक्याचं नाव, संघाचं नाव, किती प्रयोग आणि कोणत्या वर्षापर्यंत हे सगळं घातलं, आणि संहितेत बदल करायचे तर मला विचारून, असंही. ते पत्र म्हणजे परवानाच आहे. कॉलेजात शिकणाऱ्या त्या मुलाने पत्र वाचून बदलाबाबत दोन नेमके प्रश्न विचारले, तेवढे प्रश्न एखादा निर्माताही विचारत नाही. खरं तर कायद्याने हौशी संघांना सवलत दिली आहे: प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला, हे उल्लंघन ठरत नाही. शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे केलेला प्रयोगही नाही. गणपतीत मंडपात फुकट दाखवलेल्या नाटुकल्यासाठी कोणा लेखकाने नोटीस धाडू नये. तिकीट लावलं की मात्र परवानगी लागते.

काही हक्क विकले तरी जात नाहीत. कलम ५७ प्रमाणे आपलं नाव कृतीवर असण्याचा, आणि आपल्या लौकिकाला धक्का बसेल अशी मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’वर चित्रपट निघाला आणि कादंबरीचा विपर्यास झाला म्हणून त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. चित्रपटाचे हक्क दिलेले असूनही लेखिकेला ही तक्रार करता येते, हे न्यायालयाने १९८६ साली मान्य केलं. आपल्या कथेवर मालिका बेतू देणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा, आणि कविता पुढे ढकलताना कवीचं नाव उडवणाऱ्या प्रत्येकानेही.

लेखकाच्या निधनानंतर हक्क ६० वर्षं टिकतो, निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, १९९१ अखेर त्यांचं लेखन मुक्त होणार होतं; ते त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाकडे राहावं या आग्रहातून मुदतच १० वर्षांनी वाढवली गेली आणि तिचा लाभ देशातल्या प्रत्येक लेखकाच्या वारसांना मिळाला. लाभ म्हणावा का, असा प्रश्न मला पडतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो, आणि आज ती अनेक प्रकाशकांच्या, अनेक किमतींच्या आवृत्त्यांत मिळते. मर्ढेकर आणि बाबासाहेब आंबेडकर दोघेही १९५६ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१७ उजाडताना मुक्त झालं. अत्र्यांचं २०३० उजाडताना होईल. ही मोठी नावं आहेत, त्यांना साठ वर्षं वाट बघणं परवडतं. मधल्या फळीतल्या लेखकाचं काय? त्याची पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती संपते, वारस विखुरतात, आणि मुदत संपेपर्यंत त्याचं पुस्तक आठवणारा माणूसच राहत नाही.

म्हणून काही लेखन आधीच मोकळं करावं, असं माझं मत होत गेलं. लहान मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी मी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली दिल्या. नाव ठेवून कोणीही वापरा, भाषांतर करा, शाळेत वाटा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर असे पुष्कळ मराठी मजकूर आहेत आणि आदिवासी पाड्यावरच्या शिक्षकाला ते छापून घेता येतात. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, तेव्हा विचार करूनच द्यावा. कथासंग्रहांना मी तो लावलेला नाही. अंध वाचकांसाठी ब्रेल किंवा ध्वनिरूप करायला तर २०१२ पासून लेखकाला विचारावंही लागत नाही, आणि याविषयीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ साली पहिला देश ठरला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

राहिलं इच्छापत्र. घर, दागिने, बँकेतली ठेव सगळे लिहितात. पुस्तकं कोणी लिहीत नाही. अप्रकाशित हस्तलिखित ज्याला दिलं त्याला, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, त्याचा हक्कही मिळतो, असं कलम २० सांगतं. तेव्हा डायऱ्या आणि पत्रांच्या नकला कोणाच्या हाती जाणार ते नीट ठरवावं. प्रकाशित पुस्तकांबाबत सह्या करायला एकच माणूस असावा, पैसे हवे तर सगळ्यांत वाटावेत. मी माझ्या भाचीचं नाव घातलं आहे. ती लिहीत नाही, पण पत्राला उत्तर देते, आणि या कामाला तोच गुण लागतो. तिच्यासाठी केलेल्या फायलीत प्रत्येक पुस्तकाचा करार, कोणता हक्क कोणाकडे आणि कधीपर्यंत याचा तक्ता, प्रकाशकांचे पत्ते आणि एकांकिकांना दिलेल्या परवानग्यांच्या नकला आहेत. इच्छापत्रात शेवटचं कलम वकिलांशी बरीच चर्चा करून घातलं: कोणतंही पुस्तक सलग ३ वर्षं बाजारात नसेल, आणि छापू इच्छिणाऱ्याने पत्र पाठवूनही ६ महिन्यांत माझ्या वारसाकडून उत्तर गेलं नसेल, तर त्याने ते बेलाशक छापावं, मानधन देऊ नये, नाव माझं ठेवावं आणि मजकुराला हात लावू नये.